एआय एजंटसाठी डोमेन शोधायचं टूल बनवलंय. डॉक्युमेंटेशन कशात लिहू : ओपनएपीआय (एचटीटीपी एपीआयचं वर्णन लिहायचा प्रमाण नमुना), एमसीपी (एजंटला टूल्स जोडायची प्रमाण पद्धत) की साधं मार्कडाउन?

आधी एक सांगा, तुमच्या टूलला उत्तर मिळालंच नाही तर ते काय परत देतं, आणि त्याचा अर्थ काय घ्यायचा हे तुम्ही कुठे लिहिलंय का? लिहिलं नसेल तर फॉरमॅट कुठलाही घ्या, फरक पडणार नाही. मी अशाच एका टूलचं डॉक्युमेंटेशन लिहीत होते आणि एका न लिहिलेल्या ओळीचा भुर्दंड भलत्याच माणसाला पडला, म्हणून एवढ्या ठामपणे बोलतेय.

टूल साधं होतं. नाव द्यायचं, ते रजिस्ट्रीच्या (त्या एक्स्टेंशनची सगळी नावं सांभाळणाऱ्या संस्थेच्या) आरडॅप सर्व्हरला, म्हणजे डोमेनची नोंद सांगणाऱ्या सर्व्हरला, विचारणार आणि ‘अव्हेलेबल’ या फील्डमध्ये ट्रू किंवा फॉल्स देणार. सर्व्हरने दाद दिली नाही तर नल, म्हणजे रिकामी किंमत. मी डिस्क्रिप्शनमध्ये तीन वाक्यं लिहिली होती. रिव्ह्यूमध्ये टीम लीडने दोन उडवली. त्याचं म्हणणं, मॉडेल हुशार असतं, नलचा अर्थ त्याला कळतो. उगाच प्रत्येक संभाषणात हे शब्द कॉन्टेक्स्टमध्ये जाऊन टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) जळतात. उरलं एवढंच : ‘डोमेन उपलब्ध आहे का ते तपासते.’ मी वाद घातला आणि मग गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून खुपतं.

दोनेक महिन्यांनी एका ग्राहकाचा मेल आला. नव्या धंद्यासाठी नाव शोधून दे, असं त्याने एजंटला सांगितलं होतं. एजंटने चाळीस नावं एका दमात तपासायला टाकली. पहिली दहा-बारा नीट आली, मग सर्व्हरने ४२९ द्यायला सुरुवात केली, म्हणजे फार भराभर विचारताय, थांबा. आमच्या कोडने पुढच्या सगळ्यांना नल लावलं. मी लॉग उघडला. एका ओळीत आमचं उत्तर : अव्हेलेबल, नल. लगेच खाली एजंटचं वाक्य : ‘या नावाची कोणतीही नोंद आढळली नाही, त्यामुळे ते मोकळं दिसतं.’ त्या माणसाने तेच नाव पसंत केलं, लोगो करून घेतला, पाटी रंगवून घेतली, आणि डोमेन विकत घ्यायला गेला तेव्हा कळलं की ते कित्येक वर्षं दुसऱ्याकडे आहे. मेलमध्ये एकही वाकडा शब्द नव्हता. ‘तुमच्या टूलने मोकळं आहे असं सांगितलं होतं ना?’ एवढंच विचारलं होतं.

चूक एजंटची, असं म्हणून हात झटकणारे आमच्यातही निघाले. मला ते अजिबात पटत नाही. माणूस गोंधळला तर दुसरा टॅब उघडतो, कुणाला तरी विचारतो. एजंटच्या हातात कॉलच्या वेळी डिस्क्रिप्शन आणि स्कीमा (फील्ड्सचा साचा) असते, बाकीचं तो अंदाजाने भरून काढतो. तो अंदाज कुठे करायचा नाही, हे सांगणं लिहिणाऱ्याचं काम.

डोमेनच्या बाबतीत अशा जागा बऱ्याच आहेत. डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता देणाऱ्या यंत्रणेत) नाव सापडलं नाही की एजंट ते मोकळं समजतो. पण नेमसर्व्हर न लावलेलं किंवा होल्डवर टाकलेलं डोमेन झोनमध्ये, म्हणजे डीएनएसच्या यादीत, नसतंच, एनएक्सडोमेन (‘असं नाव नाही’) येतं आणि मालक मात्र असतो. आरडॅपने ४०४ (नोंद सापडली नाही) दिला तरी नाव रजिस्ट्रीने राखून ठेवलेलं असू शकतं, किंवा प्रीमियम भावाचं. मुदत संपलेलं नावही लगेच सुटत नाही : डॉट कॉमसारख्या ठिकाणी डिलीट झाल्यावर ३० दिवस रिडेम्प्शन (जुन्या मालकाला सोडवून घेता येतं), मग ५ दिवस पेंडिंग डिलीट. शेवटचा शब्द रजिस्ट्रार (डोमेन विकणारा) ईपीपीवरून, म्हणजे रजिस्ट्रीशी थेट बोलायच्या प्रोटोकॉलवरून, जो चेक करतो त्याचा, आणि तोही त्या क्षणापुरता. म्हणून उत्तरात तपासल्याची वेळ द्या. अजून हूइजचा (आरडॅपच्या आधीच्या जुन्या सेवेचा) मजकूर चाळत असाल तर ते आधी सोडा. ‘सापडलं नाही’ हे प्रत्येक सर्व्हर वेगळ्या शब्दांत सांगतो, आणि जीटीएलडींवरची (डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण एक्स्टेंशन्सवरची) हूइजची सक्ती डोमेनव्यवस्था सांभाळणाऱ्या आयकॅनने २८ जानेवारी २०२५ पासून काढलीच आहे.

आता फॉरमॅट. एजंट एमसीपीवरून येणार असतील तर टूलचं डिस्क्रिप्शन आणि इनपुट स्कीमा हेच तुमचं डॉक्युमेंटेशन, रीडमी माणसांसाठी. थेट एचटीटीपीवरून येणार असतील तर ओपनएपीआय. दोन्ही लागत असतील तर एकातून दुसरं जनरेट करा, हाताने दोन प्रती सांभाळल्या की त्यांच्यात फरक पडतोच.

लीडची बाजूही सांगते. तीस टूल्स एकत्र लावली असतील तर लांबलचक डिस्क्रिप्शनं खरंच जड होतात, तिथे प्रत्येक शब्द तोलून घाला. आणि आरडॅप सगळ्या देशांच्या सीसीटीएलडींना (देशांच्या एक्स्टेंशन्सना) नाही. तुमचं टूल कुठली एक्स्टेंशन्स तपासू शकत नाही ते नावानिशी लिहा.

पण त्या दोन वाक्यांत काटकसर करण्यासारखं काही नव्हतं. मेल आल्यावरही तो मानेना, तेव्हा मी त्याच्याच मशीनवर आरडॅपचा पत्ता मुद्दाम चुकीचा टाकला आणि एजंटला आठ नावं तपासायला सांगितली. आठही नल. एजंटने त्यातली पाच मोकळी म्हणून सांगितली, एक तर ‘लगेच घेऊन टाका’ म्हणून. लीडने ती दोन वाक्यं तिथल्या तिथे स्वतः परत टाकली : नल म्हणजे तपासता आलं नाही; अशा नावाबद्दल वापरकर्त्याला मोकळं आहे असं सांगू नका. पुढच्या आठवड्यात आम्ही नलच काढून टाकलं. आता उत्तर शब्दांत येतं : नोंदलेलं, घेता येईल, प्रीमियम, राखीव, अनिश्चित. ‘अनिश्चित’सोबत किती सेकंदांनी पुन्हा विचारायचं तेही येतं. तुमचं टूल आधी असंच बंद पाडून बघा, एजंट काय बोलतो ते वाचा, आणि मग लिहायला बसा.