यूकरमध्ये बचाव करताना भिडूवर किती विसंबावे?

आपण विचारले आहे की, परदेशातील सहकाऱ्यांबरोबर यूकर हा पत्त्यांचा खेळ खेळताना समोरच्या जोडीने हुकूम ठरवला असेल, तर भिडूच्या हातावर विसंबून राहावे, की आपल्याजवळ हुकमाचे पान असल्यास ते मारून हात पदरात पाडून घ्यावा. माझे मत असे आहे की, बचावात भिडूचा एक हात धरूनच चालावे आणि तो हात त्याला करता येईल अशा बेताने आपली पाने खेळावीत.

मी भुसावळचा. आमच्या खान्देशात आखाजीला ओट्याओट्यांवर पत्त्यांचे डाव रंगतात आणि मेंढीकोट मी तिथेच शिकलो. यूकर मात्र फार उशिरा, मुलाकडे कॅनडात ओंटारिओला एक हिवाळा काढला तेव्हा, त्याच्या शेजाऱ्यांकडून शिकलो. मेंढीकोटात तेरा हात असतात, त्यामुळे एखादा हुकूम वाया गेला तरी पुढे सावरायला जागा राहते. यूकरमध्ये नव्वीपासून एक्क्यापर्यंतची 24 पाने आणि प्रत्येकाच्या हातात अवघी पाच. हुकमाचा गुलाम सर्वांत मोठा आणि त्याच्या खालोखाल त्याच रंगाचा, म्हणजे लालला लाल किंवा काळ्याला काळा, असा दुसरा गुलाम. हुकूम ठरवणाऱ्या जोडीने तीन किंवा चार हात केले तर तिला 1 गुण, पाचही केले तर 2. तीन हात झाले नाहीत, तर बचाव करणाऱ्यांना 2 गुण मिळतात. म्हणजे आपल्याला पाचांपैकी तीन हात हवे असतात, आणि चांगली पाने बहुधा समोर असल्यामुळे ते एकट्याच्या बळावर क्वचितच होतात.

माझ्या हातून घडलेली एक चूक सविस्तर सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे. वाटणाऱ्याने मध्ये उघडे ठेवलेले बदामाचे पान उचलून बदाम हुकूम केला होता. तो माझ्या डावीकडे बसला होता, म्हणजे पहिल्या उतारीला माझ्या भिडूची पाळी आधी आणि वाटणाऱ्याची सर्वांत शेवटी. माझ्याकडे बदामाची राणी, चौकटची एकुलती नव्वी आणि इस्पिकची एक्का, राणी, दश्शी अशी तीन पाने होती. भिडूने किलवरचा एक्का उतरवला, त्यावर किलवरची दश्शी पडली. माझ्याकडे किलवर नव्हते, म्हणून मी बदामाची राणी मारली. वाटणाऱ्याने मुकाट्याने किलवरची नव्वी टाकली. जो हात भिडूचाच होता, तो मी हुकूम खर्चून घेतला. त्यानंतर मी इस्पिकचा एक्का उतरवला, तो वाटणाऱ्याने बदामाच्या दश्शीने कापला, मग हुकमाच्या गुलामाचा एक हात केला आणि चौकटच्या एक्क्याचा दुसरा. भिडूने चौकटचा गुलाम जपून ठेवला होता, त्याचा एक हात झाला. आमचे दोन, त्यांचे तीन.

आता मी पहिल्या हातावर चौकटची नव्वी टाकली असती तर काय झाले असते, ते पाहा. हात भिडूचाच राहिला असता. मी चौकट टाकली हे पाहून त्याने आपली चौकटची दश्शी उतरवली असती, मी ती राणीने कापली असती आणि वाटणाऱ्याचा चौकटचा एक्का त्यातच गेला असता. हे दोन हात झाले असते आणि शेवटी भिडूचा गुलाम बदामाच्या एक्क्यावर बसला असता, तो तिसरा. एका राणीपायी 2 गुण गेले आणि समोरच्यांना 1 मिळाला, याची रुखरुख मला अजून आहे. लहानपणी आमच्या ओट्यावरचे एक वयस्कर खेळाडू अहिराणीत बजावत, ‘भिडूना हात भिडूले राहू दे.’ ते मला त्या क्षणी आठवायला हवे होते.

हा विश्वास दोन्ही बाजूंनी चालतो, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. मी टाकलेले पान भिडू वाचतो आणि त्याने टाकलेले मी. वाटणाऱ्याकडे किलवर नसते तर त्याने भिडूचा एक्का कापला असता हे खरे, पण तेव्हा माझ्या राणीवरही त्याने मोठा हुकूम मारला असता. म्हणजे तिथेही माझा हुकूम वायाच गेला असता.

भिडूने नव्वी किंवा दश्शीसारखे लहान पान उतरवले, तर मात्र ते कापायला कचरू नये, कारण त्याने ते बहुधा आपल्या भरवशावरच उतरवलेले असते. त्याचप्रमाणे बचावात हुकमाची उतारी शक्यतो करू नये, कारण तिच्यामुळे आपल्याबरोबर भिडूचेही हुकूम निघून जातात आणि समोरच्यांचे काम सोपे होते.

समोरच्याने आपल्या भिडूविना एकट्याने खेळायचे ठरवले, तर विश्वासाची खरी कसोटी लागते. त्याने पाचही हात केले तर त्याला 4 गुण मिळतात, म्हणून आपल्याला कसाही करून एक हात अडवायचा असतो. अशा वेळी भिडू काय टाकतो यावर लक्ष ठेवा. त्याने इस्पिक टाकायला सुरुवात केली, तर आपले इस्पिकचे मोठे पान अखेरपर्यंत सोडू नका आणि इतर पाने टाका, कारण दोघांनी एकच जात राखली तर दुसरी उघडी पडते. चौथ्या हातावर हातात दोनच पाने उरतात, तेव्हा भिडूने आधी काय टाकले होते, एवढे आठवले तरी कोणते पान ठेवायचे ते ठरते.