खिडकी मालकांनी बुजवली, मग डिपॉझिट आमचे का जावे?

प्रश्न: पुण्यात सदाशिव पेठेत आम्ही तिघी एमपीएससीच्या विद्यार्थिनी लिव्ह अँड लायसन्स करारावर एका खोलीत राहतो. मालकांनी मध्येच गॅलरी प्लायने बंद करून तिथे आणखी एक कॉट टाकली आणि त्यात बाथरूमची खिडकी बुजली. आत गॅस गिझर आहे. मैत्रिणीला आंघोळ करताना दोनदा चक्कर आली. भाडे थांबवावे का? मुदतीआधी खोली सोडल्यास डिपॉझिट मिळणार नाही, असे मालक म्हणतात.

उत्तर: कायद्याचे नंतर पाहू, तो गिझर आधी आजच बंद करा. कोंदट बाथरूममध्ये गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो; त्याला रंग नसतो, वासही नसतो. मैत्रिणीला डॉक्टरांकडे न्या, गिझरचे आवर्जून सांगा आणि केसपेपर जपून ठेवा.

भाडे मात्र थांबवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार मालकाने दुरुस्ती टाळल्यास किमान 15 दिवसांची नोटीस देऊन ती स्वतः करण्याची आणि खर्च भाड्यातून वळता करण्याची मुभा भाडेकरूला आहे. पण तुम्ही करारानुसार भाडेकरू नव्हे, तर परवानाधारक (लायसन्सी, म्हणजे जागा वापरण्याची फक्त परवानगी असलेल्या) आहात, आणि या कलमावर विसंबून पैसे अडवलेत तर करारभंगाचा ठपका तुमच्यावरच येईल.

तुमचा खरा आधार भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 चे कलम 58 हा आहे. परवानाधारकाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका निर्माण होईल असे काहीही जागेत न करण्याचे बंधन ते परवाना देणाऱ्यावर घालते. तुम्ही राहायला आल्यानंतर, गिझर आत असताना खिडकी बुजवणे हे माझ्या मते या बंधनाचे सरळ उल्लंघन आहे, आणि ते करणाऱ्यानेच मुदतीचे कलम पुढे करून डिपॉझिट गिळावे, हे मान्य करण्याचे कारण नाही. शिवाय करारात जप्तीची रक्कम लिहिलेली असली तरी भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 74 नुसार वाजवी भरपाईच मागता येते.

तेव्हा बुजलेल्या खिडकीचे फोटो आणि मालकांशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश जोडून स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा: ठरावीक दिवसांत खिडकी मोकळी करावी, अन्यथा आम्ही जागा सोडू व डिपॉझिट परत घेऊ. गॅलरी परवानगीशिवाय बंद केली असल्यास महापालिकेच्या बांधकाम विभागाकडेही तक्रार करता येईल. वकिलाच्या खर्चामुळे अडू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते, त्यासाठी शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तिघींच्या सहीचा अर्ज द्या.