झोप आधी की झीज आधी?

प्रिय,

झोप आणि डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) या विषयात काम करायचं म्हणतोस, जरूर कर. फक्त प्रत्येक निबंध वाचताना स्वतःला विचारत राहा: यात आधी काय घडलं?

लंडनच्या ‘व्हाइटहॉल २’ पाहणीचा २०२१ मधला निबंध घे. जवळजवळ आठ हजार माणसं, २५ वर्षांचा पाठपुरावा. पन्नाशी, साठी आणि सत्तरी, तिन्ही टप्प्यांवर कमी झोपणाऱ्यांत डिमेन्शियाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी जास्त निघाला. छापणाऱ्यांनी लगेच ‘कमी झोपाल तर विसराळू व्हाल’ असा मथळा दिला. पण अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारातलं अमायलॉइड हे प्रथिन लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून मेंदूत साठू लागतं, आणि झोप सांभाळणारे भागही या आजारातून सुटत नाहीत. त्यामुळे सत्तरीत झोप उडालेला माणूस पंचाहत्तरीत आजारी पडला, तर झोपेमुळे आजार आला की आजारानेच आधी झोप खाल्ली, हे सांगता येत नाही. पन्नाशीपासूनची नोंद म्हणूनच मोलाची. तिनेही शंका कमी होते, मिटत नाही.

‘झोपेत मेंदू धुऊन निघतो’ हे वाक्य तर तुझ्या कानावर येईलच. त्याचं मूळ २०१३ च्या, मेंदू-संशोधक मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाच्या प्रयोगात आहे: झोपलेल्या उंदरांत मेंदूतल्या दोन पेशींच्या मधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढली आणि अमायलॉइडचा निचरा वेगाने झाला. २०२४ मध्ये लंडनच्या एका गटाला उंदरांतच नेमकं उलटं दिसलं, झोपेत आणि भुलेखाली निचरा मंदावला. कोण बरोबर, यावर पैज लावू नकोस. पहिल्या गटाने खुणेचा रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला होता, दुसऱ्याने थेट मेंदूच्या ऊतीत. माझ्या मते भांडणाचं बरंचसं मूळ तिथेच आहे.

माणसांवरचा पुरावा तुटपुंजा आहे. २०१८ मध्ये २० निरोगी जणांना एक रात्र जागवलं, तर पेट स्कॅनमध्ये अमायलॉइड सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. एका रात्रीची वाढ आणि वर्षानुवर्षांचा साठा या वेगळ्या गोष्टी, हे विसरू नकोस.

नातेवाईक विचारतील, “मी पाचच तास झोपतो, मला होईल का?” त्यांना घाबरवू नकोस. घोरणं, झोपेत श्वास अडकणं आहे का ते विचार. असेल तर तपासणीला पाठव, त्यावर उपचार आहेत.

उंदरांवरच्या त्या दोन निबंधांतला कार्यपद्धतीचा भाग वाचून मला टिपण पाठव. निष्कर्षाचं पान नको.

तुझा,
एक जुना संशोधक