आधी कान

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा तू लेक अजून बोलत नाही म्हणून फोनवर सांगत होतास आणि मागून तुझी आई सांगत होती, "हाही तीन वर्षांचा होईपर्यंत तोंडातून शब्द काढत नव्हता. आता बघा!" वहिनींचं मन मोडायला नको म्हणून मी गप्प बसले. पण ते खरं नाही रे. वाईला आपली दारं समोरासमोर होती. तू सव्वादोन वर्षांचा असताना दूध तापायच्या वेळेला बरोबर माझ्या उंबऱ्यावर येऊन म्हणायचास, "काकू, साय दे. साखल घाल." र येत नव्हता, पण मागणी पुरी होती आणि वर साखरेची अट.

आई खोटं बोलते असं मी म्हणत नाही. नातीची काळजी लागली की माणसाला असं आठवायला लागतं. मुलांच्या चाचण्या घेण्यात माझा जन्म गेला. "याचा बापही उशिराच बोलला" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की ते सगळे बाप खरोखर उशिरा बोलले असते तर एक पिढीच्या पिढी मुकी निघाली असती. घराण्यात कुणी खरंच उशिरा बोललं असेल तर तेही तपासणाऱ्यांना सांगायचं असतंच, पण तपासणी टाळायला ते कारण पुरत नाही.

आता तुझ्या लेकीचं. सव्वीस महिने पूर्ण आणि सहा शब्द, असं तू सांगितलंस. या वयाला पन्नासेक शब्द आणि "बाबा ये", "दूध दे" अशी दोन शब्दांची जोडणी आपण धरतो. सगळी मुलं एका मापानं वाढत नाहीत, हे मलाही कळतं. उशिरा बोलणाऱ्यांतली बरीच मुलं पुढे आपणहून गाठतातही. पण कुठलं मूल गाठेल आणि कुठलं नाही हे दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडाकडे बघून मला कधी सांगता आलं नाही, आणि एवढी वर्षं या कामात काढूनही येत नाही. म्हणून दाखवून घ्यायचं. "तीनपर्यंत थांबू" म्हणणाऱ्यांना विचार, थांबून नेमकं काय मिळणार आहे?

सगळ्यात आधी कान. हे मी ठासून सांगते त्याला कारण आहे. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी माझ्याकडे अडीच वर्षांचा एक मुलगा आणला होता. हसरा, चलाख. दार आपटलं की वळून बघायचा, कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघराकडे पळायचा. आई म्हणाली ऐकू येतं, मीही मान डोलावली. घरी बोलणं वाढवा, सहा महिन्यांनी या, असं सांगून पाठवलं. सहा महिन्यांनी बेरा, म्हणजे झोपेत करायची ऐकण्याची तपासणी, केली तेव्हा दोन्ही कानांना चांगलाच बहिरेपणा निघाला. मोठे आवाज कळत होते, बोलण्यातले बारीक आवाज पोचतच नव्हते. ते सहा महिने माझ्यामुळे गेले. त्यानंतर कानांच्या रिपोर्टाशिवाय मी एकाही मुलाची भाषेची चाचणी सुरू केली नाही.

तुझी लेक सात आठवडे आधी जन्मली, नऊ दिवस काचेच्या पेटीत होती आणि कावीळही झाली होती. या गोष्टी कानांच्या दृष्टीनं जोखमीच्या आहेत, कावीळ विशेषतः फार वाढली असेल तर. जन्मल्यावर हिअरिंग टेस्ट पास झाली होती, असं तू म्हणालास. ती त्या दिवसापुरती. काही मुलांची श्रवणशक्ती नंतर कमी होते, शिवाय सर्दी मुरून कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी ऐकणं कमीजास्त होत राहतं.

ओएई, म्हणजे आतला कान आवाजाला उत्तर देतो का ते बघणारी चाचणी, मिनिटांत होते. बेराला मात्र मूल गाढ झोपलेलं लागतं, कारण कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवून नस आणि मेंदू आवाजाला कसा प्रतिसाद देतात ते बघतात. तेव्हा आदल्या रात्री तिला उशिरा झोपव, पहाटे लवकर उठव, आणि गाडीत काही केल्या डोळा लागू देऊ नको. डोकं धुऊन ने, तेल लावू नको. आजीला सांग, त्या दिवशी कपाळावर तीट नको, इलेक्ट्रोड धरत नाही. नाक वाहत असेल तर ते आधीच सांग. ओएई ठीक आली म्हणून बेरा सोडू नको. पेटीत राहिलेल्या मुलांत कधी कधी कान चांगला असतो आणि दोष पुढे नसेत असतो.

कान झाले की विकासाची चाचणी. तुमच्याकडे या शब्दाचाच धसका घेतलाय असं दिसतं. आत काय असतं ते सांगते. साधारण तासभर एक बाई तिच्याशी खेळते. लाकडी ठोकळे, घंटा, कपाखाली लपवलेली वस्तू, खुंट्यांची पाटी, चित्रं. डीएएसआयआय नावाची जी चाचणी तीस महिन्यांपर्यंत चालते, ती बडोद्याला प्रमिला फाटक यांनी आपल्याकडच्या मुलांवर बसवली. व्हीएसएमएस ही दुसरी, मूल रोजच्या गोष्टी आपली आपण किती करतं ते बघणारी; तिचं भारतीय रूप नागपूरला मालिन यांनी केलं. तिच्यात बरेचसे प्रश्न तुम्हालाच विचारतात: हातानं जेवते का, चप्पल काढते का, शी-शू सांगते का. इथे आईबाप हमखास घोळ घालतात. जेवू घालणार आजी आणि उत्तर काय, तर "हो हो, जेवते की!" तिथे अब्रू राखायची नसते. खोट्या उत्तरानं आकडा वाढतो आणि मदत कमी होते.

चाचणी चालू असताना तिच्या वतीनं काही करू नका. "ठोकळा दे ना मावशींना, घरी तर देतेस" असं डोळ्यांनी, हातानं सुचवणं बंद. ती रडली, रुसली, टेबलाखाली गेली तर जाऊ दे. आम्हाला तेही बघायचं असतं. भूक आणि झोप सांभाळून वेळ घे आणि तिची आवडती बाहुली बरोबर ठेव.

शेवटी हातात येतो डीक्यू, म्हणजे विकासाचा आकडा. विकासाचं वय भागिले खरं वय, गुणिले शंभर. सव्वीस महिन्यांच्या मुलाची भाषा तेरा महिन्यांची निघाली तर भाषेचा आकडा पन्नास. हा एक आकडा ऐकून बाप कोसळतात, म्हणून आधीच सांगते. हालचाल, समज, भाषा, लोकांत मिसळणं यांचे वेगवेगळे आकडे माग. हालचाल शंभर आणि भाषा पन्नास असलेलं मूल वेगळं आणि सगळीकडे पन्नास असलेलं वेगळं, पण सरासरीत ते दिसत नाही. दोन वर्षांच्या मुलाचा आकडा म्हणजे जन्माची पत्रिकाही नव्हे. सहा महिन्यांनी, वर्षानं परत करायचा असतो. सात आठवडे लवकर जन्मल्याचं मात्र सांगच. ते दिवस दोन वर्षांपर्यंत वयातून वजा करतात. ती आता त्यापुढे गेली, तरी वाचणाऱ्याला ते ठाऊक असावं.

दरम्यान एक वही कर. मोबाइलमध्ये नको, वहीच, म्हणजे आजीलाही लिहिता येईल. तिचे सगळे शब्द लिही. कुत्र्याला ठरून "भूभू" म्हणत असेल तर तोही शब्द धर. शेजारच्या हिंदीतला "पानी"ही धर. सगळ्या भाषांचे मिळून मोज. "ट्विंकल ट्विंकल" अख्खं म्हणते हे सांगितलंस, ते वेगळ्या पानावर लिही. पाठ म्हणणं आणि बोलणं एक नाही. दोन भाषांमुळे मुलं मागे पडतात असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून दे, आणि शाळेसाठी आत्तापासून घरी इंग्रजीच बोला असं कुणी सुचवलं तर सोडूनही देऊ नको, सरळ नाही म्हण.

शब्दांपेक्षाही मला वहीत दुसरं हवंय. हातानं किंवा डोळ्यांनी न दाखवता "चप्पल आण" म्हटलं तर आणते का? हाक मारली की बघते का, दहातल्या किती वेळा? आभाळात विमान दिसलं तर बोट दाखवून तुझ्या तोंडाकडे बघते का, म्हणजे मला दिसलं ते तुलाही दिसलं का, असं? की काही हवं असलं की तुझा हात धरून फ्रिजपाशी नेते, एवढंच? बाहुलीला खोटं खोटं भरवते का? स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका घ्यायची की नाही ते शब्दांच्या संख्येवरून ठरत नाही, यावरून ठरतं. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची यादी असते, ती भरून घ्यायला सांग. आणि येत असलेले शब्द किंवा सवयी गेल्या असतील, तर एक दिवसही वाट बघायची नाही.

मोबाइल बंद कर, जेवताना तर नक्कीच. पण "मोबाइल बंद करा, बोलेल आपोआप" एवढं सांगून कुणी वाटेला लावलं तर परत फिरू नको. वेखंड उगाळून चाटवायचं, पोपटाचा उष्टा पेरू भरवायचा, जिभेखालचा पडदा कापायचा, हे सगळं तुझ्या आईच्या यादीत असणार. पेरू द्यायचाच तर उष्टा नको, ताजा धुऊन दे. वेखंड नको. जिभेचा पडदा उच्चारात कधी आड येतो, पण त्यानं शब्द अडत नाहीत.

कुठे जायचं? तू बोईसरला आहेस. मुलांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम, आरबीएसके, २०१३ साली देशात सुरू झाला तो तुमच्या पालघरमधूनच. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. अंगणवाडीताईंना भेट, पुढची तारीख विचार आणि डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या विकासातल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या जिल्ह्याच्या केंद्रासाठी चिठ्ठी माग. त्या वाटेनं तपासणी फुकट होते. पण नुसती त्यांचीच वाट बघत बसू नको. विरारला गाडी बदलून वांद्र्याला उतर आणि रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थेत जा. वाचा आणि श्रवणाची ही राष्ट्रीय संस्था १९८३पासून तिथे आहे. नायर रुग्णालयातही वाचा-श्रवणाचा विभाग आहे. खाजगीत गेलास तर थेरपिस्टचा आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक बघ, विचारायला लाजू नको. डिस्चार्जची फाइल, लसीकरणाचं कार्ड आणि वही बरोबर ने. नंबर लागायला वेळ लागला तरी स्पीच थेरपी सुरू करता येते, रोगाचं नाव ठरेपर्यंत अडून राहायचं नसतं.

आणखी एक, जरा कडू. "आई दिवसभर कामावर, पोरीशी बोलणार कोण" हे तुझ्या घरात बोललं गेलंय. तू सांगितलं नाहीस, पण सूनबाईंच्या आवाजावरून मला कळलं. आईच्या नोकरीनं मुलं मुकी होत नाहीत. हे तू सगळ्यांसमोर बोलायचं आहेस, तिच्या कानात नाही. आणि दवाखान्यात तिला एकटीला पाठवायचं नाही. कंपनीत रजा टाक. आत काय विचारलं, काय सांगितलं ते दोघांनी ऐकलेलं असलं की घरी आल्यावर तिला एकटीला साक्ष द्यावी लागत नाही.

बेराची तारीख मिळाली की कळव. रिपोर्टाचा फोटो पाठव, सगळ्या पानांचा, नुसत्या शेवटच्या नको. वहिनींना मी रविवारी फोन करते. सायीची गोष्ट मीच सांगेन, तू मध्ये बोलू नकोस.

तुझी,
काकू