भीती वाटते म्हणजे विश्वास कमी पडतोय का?

या वेळी आलेली बरीचशी पत्रं, मेल आणि व्हॉट्सॲप मेसेज एकाच सुरातले आहेत. युद्ध, नोकऱ्या, आजारपण, आणि त्याच्या मागोमाग "ताई, मी प्रार्थना करते तरी धडधड थांबत नाही." त्यातली तीन घेतलीत. नावं गाळलीत, मजकूर थोडा कमी केलाय.

प्रश्न : ताई, प्रभूमध्ये सलाम. माझे मिस्टर मर्चंट नेव्हीत इंजिनियर आहेत. गेल्या वेळेस त्यांचं जहाज लाल समुद्राच्या बाजूनं जाणार असं कळलं आणि तेव्हापासून माझी झोप गेलीये. तिकडे जहाजांवर ड्रोन काय, मिसाईल काय, बातम्या बघवत नाहीत आणि न बघता राहवतही नाही. नेट नसलं की दोन-दोन दिवस फोन नाही. महिला मंडळात बोलले तर एक मावशी म्हणाल्या, बायबलमध्ये "भिऊ नको" ३६५ वेळा लिहिलंय, रोजचं एक, तरी तू भितेस म्हणजे तुझा विश्वास कच्चा. सासूबाईंसमोर रडता येत नाही, त्यांना बीपी आहे. मी काय करू? – एक भगिनी, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आधी त्या ३६५ चं बघू. हे वाक्य मीही किती तरी प्रवचनांत ऐकलंय, पण खरंच बायबल घेऊन मोजायला बसलं तर तेवढं भरत नाही, कुणीतरी कधीतरी गोड वाटलं म्हणून सांगितलं आणि मग ते पसरलं. आणि समजा भरलं असतं तरी काय, इतक्या वेळा "भिऊ नको" सांगावं लागतं याचाच अर्थ समोरचा माणूस भ्यालेला आहे आणि देवाला ते माहितीये. न भिणाऱ्याला कोण कशाला सांगेल.

तुमच्या घरातलं माणूस समुद्रावर आहे म्हणून तुम्हाला एक अध्याय वाचायला सांगते, प्रेषितांची कृत्ये २७. एका बैठकीत अख्खा वाचा, मधलंच एखादं वचन काढून नको. प्रेषित पौल कैदी म्हणून रोमला निघालाय, जहाजावर एकूण २७६ माणसं, आणि असं वादळ की किती तरी दिवस ना सूर्य दिसतो ना तारे. हे लिहिणारा लूक स्वतः त्या जहाजावर आहे आणि तो सरळ लिहितो की आपण वाचू ही आशाच आता उरली नव्हती. म्हणजे पौलासोबत प्रवास करणारा, प्रभूचा माणूस, आणि तरी आशा संपली असं लिहून मोकळा होतो, कुणी त्याला कच्च्या विश्वासाचा म्हणत नाही, उलट तेच आपण शास्त्र म्हणून वाचतो! तुमच्या त्या मावशींना हे प्रेमानं दाखवा, भांडू नका.

पुढे पौलाला रात्री देवदूत सांगतो की जहाज जाईल पण माणूस एकही जाणार नाही. आता इथे मला फार आवडणारी गोष्ट आहे. वचन मिळालंय, मग पौलानं निवांत झोपायला हवं होतं ना? पण खलाशी रात्री गुपचूप होडी सोडून पळायला बघतात तेव्हा तो ताबडतोब शिपायांना सांगतो, हे लोक जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. देवानं शब्द दिलाय आणि तरी त्याला अनुभवी खलाशी पाहिजेत, नांगर पाहिजेत (चार टाकले होते मागच्या बाजूनं), आणि पहाटेच्या सुमारास तो सगळ्यांना म्हणतो की चौदा दिवस तुम्ही धड खाल्लं नाहीये, आता खा. स्वतः भाकर घेतो, सगळ्यांदेखत देवाचे आभार मानतो आणि खायला लागतो. बाहेर वारा तसाच आहे. जहाज शेवटी फुटलंच, कुणी पोहत, कुणी फळीला धरून किनाऱ्याला लागले, आजचं माल्टा बेट ते.

मी तुम्हाला असं सांगणार नाही की बघा, ते सगळे वाचले म्हणजे तुमचे मिस्टरही हमखास सुखरूप येणार. तो शब्द त्या जहाजासाठी होता. याच पौलानं दुसरीकडे लिहिलंय की त्याचं तारू तीनदा फुटलं, आणि शेवटी रोममध्ये त्याला मारलं असं मंडळीची परंपरा सांगते. आपल्या हातात हमी नाहीये, ती असल्याचं नाटक केलं की रात्री तीन वाजता ते नाटक कोसळतं आणि मग आपल्याला वाटतं देवच कोसळला.

मग हातात काय आहे? प्रार्थनेत खोटं बोलू नका, "प्रभू मी शांत आहे" म्हणण्यापेक्षा "प्रभू मला कळत नाहीये, घाबरलेय" म्हणा. एका बापानं आजारी मुलासाठी येशूला सांगितलंच होतं की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास काढून टाक, एकाच दमात दोन्ही, आणि येशूनं मुलगा बरा केला. स्तोत्र १०७ मध्ये जहाजावरून व्यापाराला जाणाऱ्यांचा एक तुकडा आहे, तो वाचा, लाटांवर ती माणसं दारुड्यासारखी झोकांड्या खातात, त्यांची अक्कल चालेनाशी होते असं स्पष्ट लिहिलंय.

आणि नांगरांचंही बघा. मॅनिंग एजंटचा (जहाजावर नोकरी लावून देणाऱ्या कंपनीचा) चोवीस तास चालणारा नंबर, जहाजाचं नाव आणि आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), मिस्टरांचा सीडीसी (खलाशाच्या सरकारी ओळखपुस्तकाचा) नंबर, युनियनचा नंबर, हे एका वहीत लिहून ठेवा. त्यांना विचारा की करारात धोक्याच्या पट्ट्यात जायला नाही म्हणायची सोय आहे का, बऱ्याच युनियन करारांमध्ये ती असते, आणि बरीच जहाजं आता आफ्रिकेला वळसा घालून जातात, वेळ जास्त लागतो पण जातात, तेव्हा रूट नक्की कोणता हेही विचारून घ्या, न विचारता मनात नकाशे काढू नका. खलाशांसाठी काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्था आहेत, कॅथलिकांची स्टेला मारिस १९२० पासून, अँग्लिकनांची मिशन टू सीफेअरर्स १८५६ पासून, त्यांचे चॅप्लिन, म्हणजे धर्मसेवक, बंदरात जहाजावर चढून क्रूला भेटतात, धर्म विचारत नाहीत. बातम्या दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. आणि सासूबाईंचं एक सांगू का, त्यांचाही तो मुलगाच आहे, त्याही तुमच्यापासून लपून रडत असतील, एकदा दोघी मिळून जेवायला बसा आणि त्यांच्यासमोरच त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा. बीपीची गोळी मात्र चुकवू देऊ नका.

प्रश्न : नमस्कार ताई, मी पुण्यात आयटीत आहे. कंपनीत लेऑफ चालूयत, टीममधले अर्धे गेले. बायकोला सातवा महिना. फ्लॅटचं बुकिंग करायचं होतं ते थांबवलंय. घरच्या ग्रुपवर रोज "शेवटचा काळ आला" टाईप व्हिडिओ, आणि एक ब्रदर ऑनलाईन मीटिंगमध्ये सांगतात की अमुक महिन्यापर्यंत तुमचं ब्रेकथ्रू येणार, आमेन टाईप करा. आमच्या हॉलमध्ये यिर्मया २९:११ ची फ्रेम आहे, लग्नात चार आल्या होत्या, त्यातली एक. खरं सांगू, आता ती फ्रेम बघितली की चीड येते. आशा ठेवायची म्हणजे नक्की काय करायचं? – एक तरुण वाचक, पुणे

उत्तर : चीड येते हे बरंय, कारण ती फ्रेम अर्धीच आहे. हिताचे संकल्प आणि भावी काळाची आशा, हे वचन एका पत्रातलं आहे, आणि ते पत्र यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या लोकांना पाठवलं होतं. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमेतले राजा, कारागीर, मोठमोठी माणसं उचलून नेली होती. फ्रेमवाल्या वचनाच्या लगेच आधीच्या वचनात लिहिलंय की हे सत्तर वर्षांनी होईल. सत्तर! म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परत जाणार नव्हते. ते दहावं वचन कुणी फ्रेममध्ये घालत नाही, खपणार नाही ना.

आणि तुमच्या त्या ब्रदरांचा पूर्वज त्याच पुस्तकात एक अध्याय आधी बसलाय. हनन्या नाव त्याचं. त्यानं मंदिरात सगळ्यांसमोर जाहीर केलं की दोन वर्षांत सगळं परत येईल, मंदिराची भांडी, राजा, माणसं, सगळं, आणि यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू (बाबेलचा ताबा मान्य करा याची खूण म्हणून त्यानं घातलेलं) काढून मोडून टाकलं. काय टाळ्या पडल्या असतील. यिर्मया आधी म्हणतो आमेन, देव तसंच करो, म्हणजे त्यालाही ते खरं व्हायला हवं होतं, पण नंतर त्याला ठणकावून सांगावं लागलं की तू या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावतोयस. तारीख देणारा माणूस आशा देतो असं वाटतं, पण तारीख उलटली की माणसं देवालाच सोडून जातात. शेवटच्या काळाच्या व्हिडिओंनाही हेच लागू. येशूनं लढायांबद्दल सांगितलं तेव्हा सोबतच सांगितलं की घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, आणि तो दिवस, ती घटका कुणालाच ठाऊक नाही. ज्याला ठाऊक आहे तो यूट्यूबवर सबस्क्राईब करा म्हणणार नाही. ग्रुप म्यूट करा, काका रागावले तर रागावू देत.

पत्रातलं मधलं वाचा आता. घरं बांधून त्यात राहा, बागा लावून त्यांची फळं खा, लग्नं करा, मुलं होऊ द्या, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं भलं बघा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या गावात! तुमच्या घरी बाळ येतंय, म्हणजे पत्रातलं अर्धं काम तुम्ही केलंच आहे.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला वाटतं यिर्मया ३२ मध्ये आहे. दहा-अकरा वर्षं पुढे. यरुशलेमेला वेढा पडलाय, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत विकत घे. अनाथोथ शहराबाहेर, जिथे बाबेलचं सैन्य फिरतंय. कुणी सातबाराला हात लावला नसता अशा जमिनीचे तो १७ शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदार आणतो, खरेदीखतावर सही-शिक्का करतो आणि आपला लेखनिक बारुख याला सांगतो की कागद मातीच्या मडक्यात ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. हे सगळं झाल्यावर, मग तो देवाला विचारतो की प्रभू, समोर वेढ्याचे मोर्चे दिसतायत आणि तू मला शेत घे म्हणतोस? व्यवहार आधी, प्रश्न नंतर. आणि त्या शेतात त्यानं कधी नांगर धरला नाही, पुढे लोकांनी त्याला मिसरात नेलं.

म्हणून फ्लॅट बुक करा असं मी म्हणत नाहीये हं, उद्या ईएमआय थकला की मला मेल कराल. बुकिंग थांबवलंत ते शहाणपणाचं केलंत. नोकरी असेपर्यंत सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडतोय का बघा, कंपनीच्या मेडिक्लेममध्ये डिलिव्हरी बसते का आणि नोकरी गेली तर काय होतं हे एचआरला आजच विचारा, सीव्ही नीट करा, आणि जे गेले त्या टीममेट्सना फोन करा, रेफरन्स द्या, त्यांना लाजेनं कुणी फोन करत नसतं. अनाथोथचं शेत तुमच्यासाठी असलंच काहीतरी असेल.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि मोठी बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीनं गेले. एवढं बघितलेल्या बाईनं नंतर केडगावला, दौंडच्या बाजूला, माळावर जमीन घेतली, विहिरी खणायला घेतल्या, फळबागेच्या उत्पन्नावर शारदा सदन, ही त्यांची विधवांसाठीची शाळा, चालावी म्हणून. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला, त्या मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली-बायका घेऊन आल्या, आणि नेमका पुण्यात प्लेग, शहरात ठेवायची सोय नाही. ती जमीन आधीच घेतलेली होती म्हणून मुक्ती मिशन हे त्यांचं आश्रयस्थान उभं राहू शकलं. घेताना त्यांना दुष्काळाचं किंवा प्लेगचं कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि पुढच्या वर्षी त्या स्वतः. माझ्या डोळ्यांसमोर आशा म्हटलं की हीच बाई येते, ब्रेकथ्रूवाले नाही.

फ्रेम काढू नका. दहावं वचन एका कागदावर लिहून खाली चिकटवा.

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षिका. कोविडमध्ये मिस्टर गेले. तेव्हापासून रात्री छातीत धडधड, घाम, आता मी जाणार असं वाटतं. हार्टचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, मग मनोविकार तज्ज्ञांनी गोळ्या दिल्या, फरकही पडला. पण आमच्या प्रार्थनासभेत सांगतात की गोळी घेणं म्हणजे प्रभूवर विश्वास नसणं, उपास कर आणि गोळी सोड. सोडू का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : बाई, नाही. सोडू नका. अशा गोळ्या एकदम बंद केल्या तर त्रास वाढतो, कमी करायच्या असतील तर डॉक्टर सांगतील तशा हळूहळू.

एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणाला होता, पुरे झालं प्रभू, माझा जीव घे. देवानं त्याला उपास करायला सांगितलं नाही. देवदूतानं हलवून उठवलं, निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई पुढे ठेवली, तो जेवला आणि परत झोपला, मग दुसऱ्यांदा उठवून परत जेवायला घातलं. बोलणं त्यानंतर, तेही चाळीस दिवसांनी होरेब डोंगरावर. लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. १५२७ मध्ये जर्मनीत विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर पळाले नाहीत, घरात आजारी माणसं ठेवून घेतली, आणि त्याच वेळी लिहिलं की औषध घ्या, घरात धुरी द्या, गरज नसेल तिथे जाऊ नका, जे औषध धुडकावतात ते देवाची परीक्षा बघतात. पाचशे वर्षं होत आली या गोष्टीला आणि आपली प्रार्थनासभा अजून तिथेच.

धडधड सुरू झाली की पाय जमिनीवर टेकून बसा, श्वास हळू सोडा, पाठ असलेलं स्तोत्र मोठ्यानं म्हणा, घाईनं नको. रात्री फारच झालं आणि कुणी जवळ नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. छातीत दुखणं वेगळ्या प्रकारचं वाटलं, हातात किंवा जबड्यात कळ गेली तर मात्र जुने रिपोर्ट नॉर्मल होते म्हणून घरी थांबू नका, सरळ दवाखान्यात जा.

सभेला जायचं तर जा, माणसं हवीत आपल्याला. गोळीबद्दल परत कुणी विचारलं तर डॉक्टरांचा नंबर द्या आणि म्हणा, त्यांच्याशी बोला.