धावती गाडी बंद का पडते? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

महागड्या गाडीचे इंजिन चालता चालता बंद पडले किंवा पार निकामी झाले, अशा तक्रारींची पत्रे या सदराकडे सातत्याने येत आहेत. पत्रांत मनस्तापाचे वर्णन सविस्तर असते. गाडी नेमकी कोणत्या परिस्थितीत बंद पडली हे मात्र बहुतेकांनी एका ओळीत उरकलेले असते. दोष शोधणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची ओळ तीच, म्हणून या वेळी तिला धरूनच पाच पत्रांना उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझी सहा वर्षे जुनी टर्बो पेट्रोल सेडान तासभर चालवल्यावर एखाद्या थांब्यावर अचानक बंद पडते. सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण इंजिन धरत नाही. अर्ध्या तासाने मात्र गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते. सर्व्हिस सेंटरने गाडीच्या संगणकात नोंदलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर तीन वेळा लावला आणि 'कोड नाही, गाडीत दोष नाही' असे सांगून ती परत दिली. पुढे काय करावे?

उत्तर : गरम झाल्यावर बंद पडणारी आणि थंड झाल्यावर सुरू होणारी गाडी आपल्या दोषाचा पत्ता जवळजवळ स्वतःच सांगत असते. अशा वर्तनामागे पहिला संशय क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरवर घ्यावा. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, कोणत्या कोनात आणि किती वेगाने फिरत आहे हे हा लहानसा सेन्सर इंजिनाच्या कंट्रोल युनिटला सांगतो, आणि त्याचा संदेश थांबला की ठिणगी केव्हा द्यायची आणि इंधन केव्हा फवारायचे हे युनिटला कळत नाही. सेन्सर जुना झाला की उष्णतेने प्रसरण पावून त्याच्या आतली जोडणी तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. गाडी उभी राहिल्यावर समोरून येणारी हवा थांबते आणि बॉनेटखालचे तापमान वाढते, त्यामुळे वेगात ठीक चालणारी गाडी थांब्यावर दगा देते.

दुसरा संशय इंधनाच्या दाबावर घ्यावा. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या, पेट्रोल इंजिनाला दोन पंप असतात. टाकीतला पंप काही बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब) दाबाने इंधन पुढे पाठवतो आणि इंजिनावर बसवलेला दुसरा पंप तो दाब सुमारे २०० बारपर्यंत, नव्या रचनांत ३५० बारपर्यंत नेतो. यांपैकी कोणताही पंप कमजोर झाला तरी सेल्फ लांबतो, पिकअप जातो आणि शेवटी इंजिन बंद पडते. बीएमडब्ल्यूने ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३० हजार ट्विन टर्बो गाड्या परत बोलावल्या, त्या याच उच्च दाबाच्या पंपासाठी.

हे दोन संशय वेगळे करण्याची रीत सोपी आहे, पण ती गाडी बंद पडलेली असतानाच वापरता येते. सुरू न होणाऱ्या इंजिनाला सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, आकडा पाहावा. सेल्फ फिरत असूनही आकडा शून्यावरच राहिला तर सेन्सर, त्याचा कनेक्टर किंवा वायर दोषी आहे. आकडा दिसत असेल तर इंधनाच्या रेलमधला, म्हणजे इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीतला, दाब वाचावा. गाडी थंड झाल्यावर लावलेल्या स्कॅनरला यांतले काहीच दिसणार नाही. कंट्रोल युनिट ठरावीक अटी पूर्ण झाल्याशिवाय कोड नोंदवत नाही. त्यामुळे 'कोड नाही' याचा अर्थ 'दोष नाही' असा काढणे चूक आहे, आणि या एका वाक्यावर गाडी तीन वेळा परत देणे आम्हाला मान्य नाही. स्कॅनर जोडून गाडी तासभर चालवावी, बंद पडेपर्यंतची नोंद साठवावी आणि त्या नोंदीची प्रत आपल्याला द्यावी, अशी लेखी मागणी करा. क्रँकशाफ्ट सेन्सरसाठी पी ०३३५ आणि रेलमधल्या कमी दाबासाठी पी ००८७ हे कोड जगभर समान आहेत. त्यांपैकी एखादा आढळला, तर त्यासोबत साठवलेली त्या क्षणाची माहिती, म्हणजे वेग, तापमान आणि इंजिनावरील भार, पुसण्याआधी छापून घ्यावी.

आपल्या पत्रात एक उल्लेख राहून गेला आहे. इंधन भरल्यानंतर लगेच गाडी बंद पडते का, हे तपासून कळवा. तसे असेल तर टाकीतली वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला असण्याची शक्यता आहे. भरताना साचलेली वाफ त्यातून एकदम इंजिनात जाते आणि मिश्रण इतके दाट होते की इंजिन आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, टिकत नाही. हा भाग लहान आहे आणि बहुतेक गाड्यांत तो बदलायला फार वेळ लागत नाही. बॅटरीही एकदा तपासून घ्या. विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास असलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर अनेक कंट्रोल युनिटे असलेल्या गाडीत असंबद्ध वाटणारे दोष एकाच वेळी दिसू लागतात.

प्रश्न : कंपनीने सांगितलेल्या प्रत्येक सर्व्हिसची नोंद माझ्याकडे आहे, तरीही माझ्या एसयूव्हीचे इंजिन आवाज करू लागले आणि दोन दिवसांत सीज (जाम) झाले. सर्व्हिस सेंटर म्हणते, 'बेअरिंग गेले, पूर्ण इंजिन बदलावे लागेल, चूक वापराची आहे.' नियमित सर्व्हिस होऊनही असे कसे घडू शकते?

उत्तर : घडू शकते, आणि त्यात आपली चूक असेलच असे नाही. क्रँकशाफ्ट ज्या आधारांत बसतो त्या बेअरिंगला तो प्रत्यक्ष टेकून फिरत नाही. दोघांमध्ये केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ असा ऑइलचा थर असतो आणि सगळा भार तो थर वाहतो. हा थर मोडण्याची कारणे चार-पाचच आहेत : ऑइल कमी पडणे, ऑइल पातळ होणे, ऑइलचा दाब न मिळणे, ऑइलमध्ये घाण असणे आणि भाग मुळातच सदोष घडलेला असणे. यांतली शेवटची दोन कारणे कारखान्यातूनही येऊ शकतात. टोयोटाने मे २०२४ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या, त्यांत लेक्सस एलएक्स ही आलिशान एसयूव्हीही होती. घडणीच्या वेळी इंजिनात राहून गेलेले धातूचे कण मुख्य बेअरिंग खराब करत होते. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटरच्या व्ही ८ इंजिनासाठी अमेरिकेत सुमारे ६ लाख गाड्या परत बोलावल्या, त्यांत कॅडिलॅक एस्कलेड होती. दोष कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) आणि क्रँकशाफ्टच्या घडणीत होता. तपासणीत उत्तीर्ण झालेल्या इंजिनांत पूर्वीच्या ०डब्ल्यू-२० ऐवजी अधिक दाट ०डब्ल्यू-४० ऑइल भरण्याचा उपाय कंपनीने दिला. ऑइलचा थर जाड असण्याला किती महत्त्व आहे, हे यावरून ध्यानात येईल.

आपले इंजिन त्या गाड्यांतले नसेलही. म्हणून आधी पुरावा गोळा करा आणि मगच इंजिन बदलण्याच्या कागदावर सही करा. ऑइल फिल्टर आपल्यासमोर कापून त्याच्या कागदी घड्या उघडायला सांगा. तांबूस किंवा करड्या चमकदार चुऱ्याचे छायाचित्र घ्या. इंजिनाखालचे ऑइलचे चेंबर उतरवून बेअरिंगचे तुकडे पाहा, आणि खराब झालेले इंजिन वाद मिटेपर्यंत परत पाठवू देऊ नका, कारण ते गेले की पुरावा गेला. ऑइलचा नमुना स्वच्छ बाटलीत वेगळा ठेवून स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासून घ्या. त्यात मिसळलेले इंधन, कूलंट आणि धातूंचे प्रमाण कळते. 'चूक वापराची' हे विधान लेखी मागा आणि ते कोणत्या मोजमापावर आधारले आहे हेही लेखी मागा.

डिझेल गाडी असेल तर आणखी एक शक्यता आहे. धुरातली काजळी अडवणारा एक्झॉस्टमधला फिल्टर ती काजळी जाळून साफ करताना अनेक इंजिने सिलिंडरमध्ये जास्तीचे डिझेल फवारतात. रोजचा प्रवास आखूड असला तर ही सफाई अर्धवट थांबते आणि न जळलेले डिझेल पिस्टनच्या रिंगांपाशी झिरपून ऑइलमध्ये मिसळते. तेव्हा ऑइलची पातळी वाढते. पातळी वाढलेली पाहून अनेकांना समाधान वाटते, पण ती धोक्याची खूण आहे. हल्लीच्या बऱ्याच आलिशान गाड्यांना डिपस्टिकच नसते, केवळ पडद्यावरचा पट्टा असतो. ही सोय काढून घेणे आम्हाला पटलेले नाही, कारण पट्टा फक्त पातळी दाखवतो. ऑइल बोटांत घेऊन त्याचा पातळपणा पाहता येतो आणि डिझेलचा वास ओळखता येतो, तसे पडद्यावर होत नाही.

सर्व्हिसच्या अंतराविषयी आमचे मत स्पष्ट आहे. काही युरोपीय गाड्यांत दोन वर्षे किंवा ३० हजार किलोमीटरपर्यंत ऑइल न बदलण्याची मुभा असते. लांब पल्ल्याच्या, एकसारख्या वेगाच्या प्रवासात ती निभावते. गर्दीत आणि आखूड अंतरावर चालणाऱ्या टर्बो इंजिनाचे ऑइल १० हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा, बदलावे. ऑइल मात्र त्या इंजिनासाठी उत्पादकाने मान्य केलेल्या दर्जाचेच असावे.

प्रश्न : वेगात असताना इंजिन बंद पडले तर ब्रेक आणि स्टिअरिंग निकामी होतात का?

उत्तर : लगेच होत नाहीत, पण वेळ थोडा असतो. पायाचा जोर वाढवणाऱ्या, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ब्रेक बूस्टरमध्ये एक-दोनदा ब्रेक दाबण्याइतकी साठवण उरते. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून सोडू नये. एकदाच दाबावा आणि गाडी थांबेपर्यंत धरून ठेवावा. साठवण संपल्यावरही ब्रेक लागतो, मात्र पाय फार जोराने दाबावा लागतो. विजेवर चालणारे स्टिअरिंग बॅटरी जिवंत असेपर्यंत सहसा साथ देते, तर हायड्रॉलिक स्टिअरिंग जड होते. धोक्याचे चारही दिवे लावा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्या आणि गाडी कडेला वळवा. रस्ता मोकळा असेल तर न्यूट्रलमध्येच पुन्हा सेल्फ मारून पाहता येतो. धावत्या गाडीत किल्ली काढू नका, स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकते. बंद पडण्याआधी ऑइलच्या कॅनचा लाल दिवा लागला असेल किंवा खटखट ऐकू आली असेल तर पुन्हा सुरू करण्याचा मोह आवरा आणि गाडी टो करून न्या. पिवळा दिवा ऑइलच्या पातळीचा असतो, लाल दिवा दाबाचा. लाल दिव्यावर चालवलेले थोडेसे अंतरही बेअरिंग संपवू शकते. साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिन बंद पडले असेल तेव्हाही सेल्फ मारू नका. पाणी दाबले जात नाही, आणि सिलिंडरमध्ये ते शिरले असेल तर पुढच्याच फेऱ्यात कनेक्टिंग रॉड वाकतो.

प्रश्न : माझ्याच मॉडेलच्या गाड्या कंपनीने परत बोलावल्या, माझी मात्र त्यात नाही. दोष तोच दिसतो. असे का?

उत्तर : रिकॉल, म्हणजे गाड्या परत बोलावणे, मॉडेलच्या नावावर ठरत नाही, विशिष्ट काळात घडलेल्या विशिष्ट भागांवर ठरते. त्यामुळे यादी १७ अक्षरांच्या चॅसिस क्रमांकानुसार तपासावी, आणि एकदा नाव नसले तरी काही महिन्यांनी पुन्हा तपासावी, कारण याद्या वाढतात. टाकीतल्या इंधन पंपाचा पंखा इंधन शोषून फुगतो, घासतो आणि पंप थांबतो, या दोषासाठी टोयोटाने जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ७ लाख गाड्या बोलावल्या; त्यांत लेक्ससच्या अनेक गाड्या होत्या. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपर्यंत हा आकडा जगभरात ५८ लाखांवर गेला. जानेवारीत 'यादीत नाही' असे उत्तर मिळालेले लाखो मालक वर्षअखेरीस यादीत होते.

रिकॉलखेरीज कंपनी आपल्या सर्व्हिस सेंटरांना तांत्रिक सूचनापत्रे पाठवते. त्यांत ज्ञात दोष आणि त्याची दुरुस्ती लिहिलेली असते, पण ती मालकाला आपणहून कळवली जात नाही आणि वॉरंटी संपल्यावर तिचा खर्च सहसा मालकावर येतो. 'या लक्षणासाठी सूचनापत्र आहे का?' असा थेट प्रश्न विचारा. आपली तक्रार आपल्या देशातल्या वाहनसुरक्षा यंत्रणेकडेही नोंदवा, कारण अशा नोंदींवरूनही तपास सुरू होतात.

प्रश्न : वापरलेली आलिशान गाडी घ्यायची आहे. टायमिंग चेनबद्दल ऐकून भीती वाटते. काय पाहावे?

उत्तर : टायमिंग चेन क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टला, म्हणजे सिलिंडरच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याला, देते. भीती निराधार नाही, पण ती सर्व गाड्यांना सारखी लागू होत नाही, इंजिनाचा सांकेतिक क्रमांक विचारून त्याचा इतिहास पाहावा. बीएमडब्ल्यूच्या २००७ पासूनच्या एन ४७ डिझेलमध्ये चेन फ्लायव्हीलच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या, बाजूला आहे, त्यामुळे ती सैल झाली तर तिच्यापर्यंत पोहोचण्याचेच काम मोठे होते. मर्सिडीज-बेंझच्या एम २७२ या व्ही ६ इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांत चेनने फिरणाऱ्या, कंपने कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टच्या गिअरचे दात लवकर झिजत. पोर्शेच्या बॉक्स्टर आणि ९११ मध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून २००८ पर्यंत असलेल्या, कॅमशाफ्टच्या चेन फिरवणाऱ्या इंटरमीडिएट शाफ्टचे बेअरिंग तुटून इंजिने गेली आहेत. २००९ च्या मॉडेलांपासून नव्या इंजिनात तो शाफ्टच उरला नाही.

विक्रेत्याकडून केवळ सर्व्हिसचे शिक्के घेऊ नका, ऑइल कोणत्या किलोमीटरला बदलले याची बिले मागा. स्कॅनरवर कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्ट यांच्यातला कोनाचा फरक पाहून घ्या. पी ००१६ हा कोड त्याचाच असतो आणि तो सौद्याआधी पुसलेला असू शकतो. कोड नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या स्वयंतपासण्या 'अपूर्ण' दिसतात, त्यामुळे तो रकानाही पाहावा. मुख्य परीक्षा मात्र कानांची आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी आपल्यासमोर सुरू करून घ्या आणि पहिले काही सेकंद बॉनेट उघडून ऐका. सैल चेनचा खळखळाट बहुधा तेवढ्याच वेळात ऐकू येतो आणि ऑइलचा दाब आला की दबतो. आपण पोहोचण्याआधीच इंजिन गरम केलेले आढळले, तर त्या दिवशी सौद्याचे बोलणे न करता दुसऱ्या सकाळी पुन्हा जावे.