फडावर दिसतात ते टिकलेलेच

पोरी,

तुझा सर्व्हे वाचला. कष्ट घेतलेस ते दिसतंय, पण ऊसतोड कामगारांची तब्येत गावातल्या लोकांपेक्षा चांगली आहे हे शेवटचं वाक्य आधी काढून टाक. अगं तू उसाच्या फडावर जाऊन बीपी, शुगर, कंबर तपासलीस आणि तुलना केलीस अख्ख्या गावाशी, त्यात बाजेवर पडलेलं म्हातारं, टीबीवाला, अपंग सगळे आले. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढू शकतो तोच फडावर दिसणार ना.

ह्याला हेल्दी वर्कर इफेक्ट म्हणतात आणि हे लई जुनं आहे. 1885 ला विल्यम ओगल नावाच्या डॉक्टरनं इंग्लंडमधल्या मृत्यूच्या नोंदी बघून लिहिलं होतं की कष्टाच्या धंद्यात अशक्त माणूस शिरत नाही, शिरला तरी बाहेर पडतो. 1976 ला फॉक्स आणि कोलियरनी ब्रिटनमधले पीव्हीसी कारखान्यांचे कामगार बघितले, तर भरतीनंतर पहिली काही वर्षं मृत्यू फारच कमी, नंतर तो फायदा विरत जातो, आणि काम सोडून गेलेल्यांत मृत्यू टिकलेल्यांपेक्षा जास्त.

आपल्या बीडकडं तर ही चाळणी दुहेरी आहे. मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला. बायकोची कंबर गेली की कोयता मोडतो, मग धडधाकट नवराही तुझ्या यादीतून गायब. म्हणजे इथं माणूस स्वतःच्याच आजारानं गळतो असंही नाही, हे इंग्रजी पुस्तकात सहसा सापडायचं नाही. आणि खाडा पडला की पैसे कापतात, म्हणून दुखणं लपवून कामावर येणाऱ्याही आहेत. गर्भपिशवी काढलेल्या बायकांचा विषय 2019 ला गाजला, सरकारनं समिती नेमली, त्यातल्या कितीतरी जणी ऑपरेशननंतरही फडावरच होत्या, त्यामुळे 'कामावर आहे म्हणजे ठणठणीत' असंही धरू नकोस.

अजून एक, वीस सीझन केलेल्यांची तब्येत पाच सीझनवाल्यांपेक्षा बरी दिसली म्हणून खूश होऊ नको. ज्यांचं अंग मोडलं ते वीसपर्यंत पोचलेच नाहीत!

तर आता असं कर. तुलना गावाशी नको, वीटभट्टीवाले किंवा बांधकामावरचे मजूर घे, म्हणजे दोन्हीकडं कष्ट करू शकणारीच माणसं येतील, पण त्यानं सोडून गेलेल्यांचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी मुकादमाची जुनी वही लागेल, दहाएक वर्षांपूर्वी उचल घेतलेल्यांची नावं उतरव आणि प्रत्येकाचं घर गाठ, माणूस वारला असेल तर कधी, कशानं हे घरच्यांना विचार. धारूर-वडवणीकडं गुढीपाडव्यानंतर जा, तोवर टोळ्या परतायला लागतात. वहीत उचलीचा हिशोब असतो म्हणून मुकादम दाखवायला कचरेल, आकडे नकोत फक्त नावं पाहिजेत हे त्याला पहिल्याच चहाला सांगून टाक.